जुनी फोर बाय फोर पुन्हा रजिस्टर करायची आहे, पण 'वजन' या रकान्यात काय लिहायचं?

इन्स्टाग्रामवर जुन्या जीपच्या रील्सना मरण नाही. चिखलातून वर येणारी एमएम ५४०, पावसात माळशेज घाटात उभी केलेली जिप्सी, कुणाच्या तरी वाड्याच्या पडवीतून वीस वर्षांनी बाहेर काढलेली विलीज. खाली कमेंट ठरलेली: "भाऊ, पेपर क्लिअर आहेत का?"

पेपर क्लिअर असले तरी एक गोष्ट बऱ्याच जणांना ऐनवेळी आडवी येते. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण असो, दुसऱ्या राज्यातून आणलेली गाडी असो किंवा लष्कराच्या लिलावातली, फॉर्म भरायला घेतला की त्यात वजनाचे रकाने दिसतात. एक 'अनलेडन वेट', दुसरा 'ग्रॉस व्हेईकल वेट'. नव्या गाडीत हे आकडे कंपनी आणि डीलरकडून आपोआप येतात, मालकाला ते माहीतही नसतात. जुन्या जीपचं आरसी बुक मात्र फाटलेलं असतं, शाई उडालेली असते, नाहीतर त्या जागी नुसती रेघ मारलेली असते. मग एजंट सांगतो, "टाका काहीतरी, कोण बघतंय." इथेच गडबड होते, कारण हा आकडा पुढे कायद्याच्या कामी येतो.

तर हे आकडे म्हणजे नेमकं काय आणि ते मिळतात कुठे, हे नीट समजून घेऊ.

दोन वजनं, दोन अर्थ

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २ मध्ये दोन्हींची व्याख्या दिली आहे. अनलेडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. त्यात गाडी चालताना नेहमी सोबत असणारं सामान धरायचं, म्हणजे स्टेपनी, जॅक, पाना वगैरे. ड्रायव्हर आणि क्लीनर धरायचे नाहीत.

याच व्याख्येत पुढे एक ओळ आहे आणि ती जीपवाल्यांनी आवर्जून वाचावी अशी आहे. गाडीला आलटून पालटून वेगवेगळे भाग किंवा बॉडी लावत असाल, तर त्यातला सर्वांत जड पर्याय बसवल्यावर जे वजन होईल तेच अनलेडन वेट. म्हणजे उन्हाळ्यात कापडी हूड आणि पावसाळ्यात लोखंडी टप लावत असाल, तर वजन लोखंडी टपासकट धरायचं.

दुसरं, ग्रॉस व्हेईकल वेट. गाडी अधिक तिच्यातला सगळा भार मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे नोंदणी अधिकाऱ्याने प्रमाणित करून नोंदवलेलं असतं, तो हा आकडा. माणसं, सामान, डिझेल, सगळं त्यात आलं. चासी, स्प्रिंगचे पाटे, ॲक्सल, ब्रेक, टायर हे सगळं मिळून किती पेलेल याचा हिशोब मुळात कंपनीने केलेला असतो.

फरक साधा आहे. पहिला आकडा काट्यावर मोजता येतो. दुसरा कुठल्याही काट्यावर मोजता येत नाही, कारण ती गाडीला दिलेली मर्यादा आहे. अर्ध्याअधिक घोळ हे न कळल्यामुळे होतात. लोक गाडी वजनकाट्यावर नेतात, पावती आणतात आणि तोच आकडा दोन्ही रकान्यांत लिहून मोकळे होतात. कागदावर त्याचा अर्थ असा निघतो की या गाडीत ड्रायव्हरनेसुद्धा बसायचं नाही!

तिसरा शब्द कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतो, 'कर्ब वेट'. यात इंधन, ऑइल, कूलंट भरलेलं असतं. कायद्यातल्या अनलेडन वेटच्या व्याख्येत इंधनाचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे आरसीवरचा आकडा आणि मॅन्युअलमधला आकडा यांत तीस-चाळीस किलोंचा फरक दिसला तर दचकायचं कारण नाही. ४० लिटर डिझेलच सुमारे ३३ किलो भरतं.

आरसीवर दुसरा आकडा कोराच का असतो?

याचं उत्तर कायद्याच्या कलम ५८ मध्ये आहे. मोटार कॅब वगळता बाकीच्या ट्रान्सपोर्ट गाड्यांची नोंदणी करताना अनलेडन वेट, टायरची संख्या आणि साइज, ग्रॉस व्हेईकल वेट आणि प्रत्येक ॲक्सलचं वजन आरसीवर लिहिणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे माल वाहणारी गाडी असेल तर हे आकडे असायलाच हवेत. खासगी गाडीसाठी हे कलम लागू होत नाही. म्हणूनच खासगी पासिंगच्या जुन्या जीपवर बरेचदा फक्त अनलेडन वेट सापडतं.

आपल्याकडे या जीपा दोन्ही पासिंगमध्ये असायच्या. गावाकडच्या वडापवाल्या जीपचं एक पासिंग, साखर कारखान्याच्या चेअरमनच्या जीपचं दुसरं. गाडी बाहेरून सारखीच. त्यामुळे शेजारच्याच्या आरसीवर आकडा आहे आणि आपल्या नाही, याचा अर्थ आपली आरसी बोगस आहे असा होत नाही. आधी पासिंग कोणतं होतं ते बघा.

शोध सुरू करायचा तो जुन्या कागदांपासून

घरातली ट्रंक उघडा. जुन्या आरसी बुकात बहुतेक वेळा 'यू. एल. डब्ल्यू.' आणि 'आर. एल. डब्ल्यू.' अशी अक्षरं दिसतात. पहिलं अनलेडन वेट. दुसरं 'रजिस्टर्ड लेडन वेट', म्हणजे १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्यातला शब्द. आजच्या ग्रॉस व्हेईकल वेटचा तो आजोबा. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांवर जुनाच शब्द असणार. गंमत म्हणजे आरटीओच्या बाहेर बसणारे जुने लोक आजही आरएलडब्ल्यूच म्हणतात.

आरसी नसेल तर टॅक्सचं पुस्तक, म्हणजे टीसी बुक शोधा. महाराष्ट्रात १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यात अनेक प्रकारच्या गाड्यांचा कर वजनाच्या टप्प्यांवर ठरायचा, त्यामुळे वजनाचा संबंध कराच्या कागदांशी जुना आहे. जुन्या विम्याची पॉलिसी, कर्जाचे कागद, आधीच्या मालकाने केलेलं एनओसी, यांवरही आकडा सापडू शकतो.

आता यातला सापळा. गाडी १९६० च्या आधीची असेल तर वजन किलोत असेलच असं नाही. १९३९ चा कायदा मूळचा पौंडांत लिहिलेला होता. भारतात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने आली आणि टप्प्याटप्प्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रुळली. त्यामुळे जुन्या विलीजच्या कागदावर ३,२०० असा आकडा दिसला तर ती जीप सव्वातीन टनांची झाली नाही. ते पौंड आहेत. एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो, म्हणजे ३,२०० पौंडांचे साधारण १,४५२ किलो. काही ब्रिटिश गाड्यांच्या कागदांवर हंड्रेडवेट हे माप असतं. नाव हंड्रेड, पण त्यात ११२ पौंड, म्हणजे ५०.८ किलो. आकडा उतरवण्याआधी त्याच्यापुढचं एकक बघा. एकक नसेल तर आकडा गाडीच्या आकाराशी ताडून बघा. छोट्या चाकांतराची जीप रिकामी एक ते दीड टनाच्या पट्ट्यात असते, त्याच्या दुप्पट काही दिसलं तर शंका घ्या.

आरटीओच्या रजिस्टरमध्ये

मालकाकडचा कागद हरवला तरी मूळ नोंद कार्यालयाकडे असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोंदणी अधिकाऱ्याने ठेवायच्या रजिस्टरसाठी फॉर्म २४ आहे. त्या रजिस्टरचा उतारा मागता येतो. महाराष्ट्रात वकील आणि एजंट त्याला 'बी एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात. अपघाताच्या दाव्यांत तो रोज लागतो, त्यामुळे खिडकीवर हा शब्द उच्चारला की समोरच्याला कळतं.

उतारा मागायचा तो गाडी पहिल्यांदा जिथे रजिस्टर झाली त्या कार्यालयात. गाडी आज सांगलीत असेल, पण मूळ पासिंग नाशिकचं असेल, तर जुनं रजिस्टर नाशिकला. एमएच मालिका येण्याआधीच्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्यांबाबत तर हे फारच महत्त्वाचं, कारण या नोंदी मुळात हाताने लिहिलेल्या. त्या नंतर 'वाहन' प्रणालीत चढवताना एखादा रकाना रिकामा राहिला किंवा शून्य पडला असेल, तर तुमच्या डिजीलॉकरमध्येही तेच दिसणार. ॲपमध्ये शून्य दिसतं म्हणून गाडीला वजनच नोंदवलेलं नव्हतं असं समजू नका. रजिस्टरच्या पानावर ते असू शकतं, आणि त्या पानाच्या आधारे ऑनलाइन नोंद दुरुस्त करून घेता येते. आरसी हरवलीच असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ आहे.

गाडीवरची पट्टी

बोनेट उघडल्यावर समोरच्या पत्र्यावर किंवा डॅशबोर्डवर कंपनीची छोटी धातूची पट्टी असते. तिच्यावर चासी नंबर, मॉडेल आणि काही गाड्यांवर वजनही असतं. रंगाचे तीन-चार थर चढलेले असतात. ते पॉलिश पेपरने घासू नका, अक्षरं जातात. थिनरने हळूहळू काढा.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजला तर ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरच माहितीच्या पट्ट्या असायच्या. अमेरिकन लष्करात या गाडीचं अधिकृत नाव 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर' असं होतं. नावातला पाव टन म्हणजे तिचा भार वाहण्याचा वर्ग, गाडीचं वजन नव्हे. स्वतः जीप एक टनाच्या वर भरते. हा शब्द बघून कुणी फॉर्ममध्ये २५० किलो लिहिलं तर निरीक्षक हसून परत पाठवेल.

भारतीय लष्करातही हीच पद्धत दिसते. जिप्सी 'जीएस ५००' वर्गातली, म्हणजे ५०० किलो भार वाहणारी. तिच्या जागी आलेल्या टाटा सफारी स्टॉर्मचा वर्ग 'जीएस ८००'. लिलावातल्या गाडीच्या कागदांवर ५०० दिसलं तर तो भार आहे, हे लक्षात ठेवायचं.

आणि एक इशारा. अनेक जुन्या जीपांची बॉडी बदललेली असते. पंजाबात किंवा आपल्याच इथल्या गॅरेजमध्ये नवी टब बसवताना पट्टी तिसऱ्याच गाडीची आलेली असू शकते. पट्टीवरचा चासी नंबर आणि चासीवर ठोकलेला नंबर जुळत नसेल, तर त्या पट्टीवरच्या वजनाला काडीची किंमत नाही. तेव्हा प्रश्न वजनाचा राहतच नाही, गाडी नेमकी कुठली हाच होतो.

लष्कराच्या लिलावातली गाडी

जोंगा, जिप्सी, जुन्या जीपा लिलावातून बाहेर येतात. त्यांना नागरी आरसी कधीच नसते, लष्कराचे नंबर वेगळे. अशा गाडीसाठी विक्रीचा दाखला फॉर्म २१ मध्येच लागतो आणि तो संरक्षण विभागाच्या अधिकाऱ्याने दिलेला असावा लागतो. नवी गाडी घेताना डीलर देतो तोच हा फॉर्म. त्यात अनलेडन वेट आणि ग्रॉस व्हेईकल वेट असे दोन्ही रकाने आहेत. गाडी ताब्यात घेतानाच हे रकाने भरलेत का ते बघा. गाडी घरी आल्यावर डेपोकडे पुन्हा चकरा मारणं किती कटकटीचं असतं, ते ज्याने केलंय त्याला विचारा.

जोंगाच्या बाबतीत कंपनीचं माहितीपत्रक शोधताना मूळ ओळख उपयोगी पडते. ती जबलपूरला बनायची आणि मूळ रचना निसान पेट्रोलच्या ६० मालिकेची होती. पण लष्करी जोंगाची बॉडी आणि सामान वेगळं, म्हणून जपानी आकडा जसाच्या तसा उचलू नये.

कंपनी आणि पुण्याची टेकडी

मॅन्युअल हा चांगला पुरावा आहे, पण मॉडेल काटेकोर जुळलं पाहिजे. महिंद्राच्या सीजे ३४०, सीजे ५००, एमएम ५४०, एमएम ५५० ही नावं लोक सरसकट 'महिंद्रा जीप' म्हणून वापरतात. इंजिन वेगळं, चाकांमधलं अंतर वेगळं, वजनही वेगळं. जिप्सीतही जुनी एमजी ४१० आणि १९९६ नंतरची १.३ लिटरची जिप्सी किंग या वेगळ्या, त्यात पुन्हा सॉफ्ट टॉप आणि हार्ड टॉप. चासी नंबर, उत्पादनाचं वर्ष आणि मॉडेल देऊन कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी विचारता येतं. लेटरहेडवर आलेलं उत्तर निरीक्षकासमोर ठेवण्यासारखं असतं. यूट्यूबच्या व्हिडिओतला आकडा तसा नसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ नुसार गाडीच्या प्रत्येक मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. यातल्या महत्त्वाच्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय, भोसरीला सीआयआरटी आणि अहिल्यानगरला लष्करी गाड्यांसाठी प्रसिद्ध असलेली व्हीआरडीई. कंपनीने मंजुरी घेतली तेव्हा दिलेल्या तपशिलात वजनं असतात. मात्र हे नियमच १९८९ चे असल्यामुळे त्याआधीच्या मॉडेलसाठी असा कागद असण्याची अपेक्षा ठेवू नका.

वजनकाटा

बाकी सगळीकडे हात टेकले तर अनलेडन वेटसाठी काटा आहे. स्टेपनी आणि नेहमीची हत्यारं गाडीत, बाकी सगळं बाहेर, ड्रायव्हर खाली उतरलेला. उसाच्या किंवा वाळूच्या मोठ्या काट्यावर मोजत असाल तर तो १० किंवा २० किलोच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो. ट्रकसाठी ते ठीक आहे, एक टनाच्या जीपसाठी जरा ढोबळ. शक्यतो लहान क्षमतेचा काटा शोधा आणि त्याच्यावर वैधमापन विभागाचा चालू मुदतीचा शिक्का आहे का ते बघा. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी मोजून घेतली तर ॲक्सलचं वजनही कळतं. जाण्याआधी मोटार वाहन निरीक्षकाला विचारा, कारण पावती कुठल्या काट्याची चालेल हे तोच सांगेल.

ग्रॉस वेटसाठी मात्र काटा उपयोगाचा नाही. मग लोक जुगाड करतात. सीट गुणिले ७५ किलो करून रिकाम्या वजनात मिळवतात. किंवा टायरवरून काढतात, आणि हे तर जास्तच फसवं. उदाहरण बघा. जिप्सी किंगला २०५/७० आर १५ टायर. त्यावर लोड इंडेक्स ९५ असेल तर एक टायर ६९० किलो पेलतो. चार टायर म्हणजे २,७६० किलो. आता जिप्सी रिकामी साधारण एक टनाची आणि कंपनीने पूर्ण भरलेली धरली तीही पावणेदोन टनांच्या आत. टायरच्या हिशोबाने गेलात तर तिच्यावर आणखी एक टन लादाल. टायर पेलतील, पण पाटे, ॲक्सल आणि ब्रेक पेलणार नाहीत. टायरचा आकडा ही फक्त वरची हद्द. त्यापेक्षा जास्त ग्रॉस वेट लिहिलेलं दिसलं तर आकडा नक्की चुकलाय, इतकंच त्यावरून सांगता येतं.

चुकीचा आकडा लिहिला तर?

कलम ११३ बघा. आरसीवर लिहिलेल्या ग्रॉस वेटपेक्षा जास्त भार भरून गाडी चालवायला बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कलमात रिकाम्या गाडीबद्दलही लिहिलंय. गाडीचं अनलेडन वेट आरसीवरच्या अनलेडन वेटपेक्षा जास्त असेल तर तीही रस्त्यावर चालवता येत नाही. आणि कलम ११३ मोडल्याची शिक्षा कलम १९४ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती २०,००० रुपये आणि जादा भाराच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये.

आता जुन्या जीपवर लोक काय काय लावतात ते आठवा. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा कॅरिअर, रोल केज, मोठे टायर. समजा गाडी रिकामी १,२०० किलो आणि ग्रॉस वेट १,७०० किलो. म्हणजे माणसं आणि सामान मिळून ५०० किलो. तुम्ही १५० किलोचं लोखंड चढवलं की उरले ३५०. ७५ किलोची पाच माणसं बसली की मर्यादा ओलांडली, अजून बॅगा भरायच्याच आहेत. ग्रॉस वेट लोखंडाबरोबर वाढत नाही. उतारावर तेच जुने ड्रम ब्रेक एवढं सगळं थांबवणार असतात, हे वरंध घाट उतरताना कळतं.

शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत न बसणारे बदल करायला कलम ५२ ची आडकाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली, आणि कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

लायसन्सची चिंता मात्र करू नका. खासगी मोटारीसाठी हलक्या वाहनाची मर्यादा ७,५०० किलो अनलेडन वेटची आहे. कुठलीही जीप त्याच्या आसपासही जात नाही. खासगी गाडीचा थर्ड पार्टी विमाही सीसीवर ठरतो, वजनावर नाही. मालवाहू पासिंग असेल तर तो ग्रॉस वेटच्या टप्प्यावर जातो.

अर्ज करताना

पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर होतो, गाडी निरीक्षकासमोर न्यावी लागते आणि मंजुरी पुढच्या पाच वर्षांसाठी मिळते. चारचाकीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या गाडीला १०,००० रुपये लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ चं एनओसी आणि नव्या नंबरसाठी फॉर्म २७. एनओसी घेतानाच तिथल्या कार्यालयाकडून वजनाची नोंद असलेला उतारा मागून घ्या, पुन्हा एवढ्या लांब जाणं होत नाही.

ग्रॉस वेटचा कुठलाच पुरावा हाती नसेल तर तो रकाना स्वतःच्या अंदाजाने भरू नका. काट्याची पावती, मॅन्युअलचं पान, कंपनीचं पत्र जे असेल ते अर्जाला जोडा आणि आकडा निरीक्षकाला ठरवू द्या. प्रमाणित करण्याचा अधिकार कायद्याने त्याच्याच कार्यालयाला दिलाय. नवी आरसी हातात आली की नाव-पत्त्यासोबत वजनाची ओळही तिथेच उभं राहून वाचा. एक शून्य कमी-जास्त झालेलं त्याच दिवशी दाखवलं तर काम सोपं होतं.